बटन बंद केल्यावर

फुलसिंगभाऊंचा ऑटो आमच्या नळाच्या कोपऱ्यावर आला की भोंगा एकदम गप्प व्हायचा. तोवर गल्लीगल्लीतून त्यांचा भरदार आवाज घुमत आलेला असायचा, "शेतकरी बंधूंनो, शासन आपल्या पाठीशी खंबीरपणे उभे आहे!" कोपऱ्यावर ते अंगठ्यानं माइकचं बटन बंद करायचे, ऑटोतून डोकं बाहेर काढायचे आणि नळावरच्या बायांना आपल्या घरगुती, जरा घोगऱ्या आवाजात सांगायचे, "पाठीशी उभं हाये म्हणते. म्हणूनच दिसून नाई राह्यलं." बाया पदराआड हसायच्या. तेवढ्यात बटन पुन्हा चालू व्हायचं आणि पुढच्या वळणाला पुन्हा तोच भारदस्त सूर, "शेतकरी बंधूंनो!"

मी आर्णीला जिल्हा परिषदेच्या शाळेत बदलून आले तेव्हा मला भाड्याची खोली मिळाली ती नेमकी त्या नळासमोर, वरच्या मजल्यावर. माझा स्वभाव मुळातच तिखट, त्यात वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायला घेतलेले आणि खाली हा भोंगा. एक दिवस मी खिडकीतून ओरडले, "अहो, जरा लाज बाळगा! इथं माणसं राहतात." ऑटो थांबला. फेटा नाही, टोपी नाही, डोक्यावर पांढऱ्या केसांचं रान, कानात चांदीची बाळी. हात जोडून ते म्हणाले, "बाई, मी एक शब्द बोललो असन तं सांगा. हे सारं मशीन बोलली. मी आत्ता बोलून राह्यलो." मी खिडकी आपटून लावली, आणि आत येऊन हसले. त्या दिवसापासून आमची ओळख झाली म्हणायची.

गावात त्यांना 'अलाउन्सवाले फुलसिंगभाऊ' म्हणत. हरवलेली म्हैस, आलेली सर्कस, गेलेलं माणूस, उद्या नळाला पाणी नाही, परवा कापूस खरेदी बंद, हे सगळं आर्णीला त्यांच्या गळ्यातून कळायचं. मूळचे जवळच्याच बंजारा तांड्यावरचे. लोकांत वऱ्हाडी, तांड्यावर बंजाऱ्यांची गोरबोली, मोहल्ल्यात हिंदी-उर्दू आणि माइकवर पुस्तकी मराठी, असं त्यांचं चाले. "एकच खोटं इतक्या बोल्यांत सांगा लागते, म्हणून तं मले बलावतात," असं ते स्वतःच सांगत. निवडणूक लागली की मारेगावपासून बोरी अरबपर्यंत त्यांना मागणी. सकाळी एका पक्षाचा झेंडा, दुपारी दुसऱ्याचा. ऑटोच्या मागच्या काचेवर चिकटवलेल्या पोस्टरांचे थर इतके झाले होते की काच आहे की नाही हेच कळत नसे.

भाषण मात्र त्यांचं सगळ्यांसाठी एकच असे. "आपल्या हक्काचा माणूस, सुशील, निष्कलंक, निर्दोष चारित्र्याचा, गोरगरिबांचा कैवारी..." पुढे फक्त नाव बदलायचं. मी एकदा म्हटलं, "भाऊ, काल याच शब्दांत तुम्ही त्याच्या विरोधकाला निवडून द्या म्हणत होता." ते म्हणाले, "मंग काय करू जी? निष्कलंकले दुसरा शब्द कुठून आणू? माणसं बी तं दुसरी नाई भेटून राह्यली."

ते माइकवरचं बटन नईमनं बसवलं होतं. नईमचं बसस्टँडजवळ रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणजे एक टपरीच, पण आत तारा, बॅटऱ्या, गजराची जुनी घड्याळं, पोट फाडून ठेवलेले टेपरेकॉर्डर आणि मध्ये डोळ्याला भिंग लावून बसलेला, तिशीचा, अबोल नईम. फुलसिंगभाऊंचं मशीन, म्हणजे भोंग्याचा ॲम्प्लिफायर, म्हातारं झालेलं. दर हंगामाला ते नईमकडे मुक्कामाला असायचंच. आधी मशीन बंद करायचं तर ऑटो थांबवून मागच्या सीटकडे वळावं लागे. नईमनं आपल्या मनानं माइकच्या दांड्यावरच एक बटन बसवून दिलं, अंगठ्याखाली येईल असं. "चाचा, अब जब चाहो बोलो, जब चाहो मत बोलो," असं म्हणाला. फुलसिंगभाऊ हे सगळ्यांना कौतुकानं सांगायचे. माझी अर्धी इज्जत त्या पोट्ट्यानं वाचवली, म्हणायचे.

ते दिवस कापसाचे वाईट होते. भाव पडलेला, बोंडं किडलेली आणि गावोगावी तिरड्या. मुंबई-दिल्लीहून गाड्यांच्या रांगा येत, पुढारी हात जोडत, मदतीची घोषणा होई, आणि त्या घोषणेची अलाउन्सिंग फुलसिंगभाऊंकडे येई. एकदा त्यांना सरकारनं 'जीवन अनमोल आहे' असं सांगायला आसपासच्या खेड्यांत पाठवलं. एका गावात ऑटो शिरला तर पहिल्याच घरासमोर माणसं गोळा झालेली. माणूस औषध पिऊन गेला होता. पुढे चौकशी झाली आणि तो मृत्यू कागदावर मदतीसाठी अपात्र ठरला, कारण सातबारा बापाच्या नावावर होता. ते कळल्यावर फुलसिंगभाऊ नळावर आले तेव्हा बटन बंद केलं, पण नेहमीसारखं डोकं बाहेर काढलं नाही. आतूनच म्हणाले, "इथं मेल्यावर बी अर्ज करा लागते का बा, मी खरंच मेलो." त्या दिवशी कोणीच हसलं नाही.

मतदानाची नवी यंत्रं आली तेव्हाही तेच. सरकारी माणूस चौकात टेबल मांडून यंत्र दाखवायचा आणि फुलसिंगभाऊ भोंग्यावरून सांगायचे की यंत्र पूर्णपणे सुरक्षित आहे, कोणीही कसल्याही अफवांवर विश्वास ठेवू नये. माझी दरवेळी मतदान केंद्रावर ड्यूटी लागायची, त्यामुळे यंत्र मला चांगलं ठाऊक. मी त्यांना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, होत असेल का काही गडबड?" ते म्हणाले, "बाई, लोकं मशीनमधी गडबड शोधून राह्यले. मशीनपाशी येईपर्यंत माणूसच पुरा दुरुस्त करून आणलेला राह्यते. मंग मशीनले कायले हात लावतीन?" आणि असं असूनही, हा माणूस प्रत्येक मतदानाला सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, रांगेत पहिल्या चार-दोघांत उभा असायचा. शाईचं बोट मला मुद्दाम दाखवायचे. मी चिडवायची, "भरोसा नाही म्हणता आणि मत कायले देता?" तर म्हणत, "देऊन पाहतो. कापूस बी तं पेरतोच न दरसाल."

मग दूर कुठल्याशा मोठ्या शहरात स्फोट झाला. माणसं मेली. टीव्हीवर दिवसभर तेच दाखवत होते आणि आम्ही बघत होतो. आमच्याकडेही फर्मान आलं. फुलसिंगभाऊ बाजाराच्या दिवशी फिरले, "बेवारस वस्तूंना हात लावू नका. अनोळखी, संशयास्पद व्यक्ती आढळल्यास पोलिसांना कळवा." आर्णीच्या बाजारात बेवारस नाही असं काय असतं? पिशव्या, सायकली, तुरीची पोती, सगळं सोडून माणसं चहाला जातात. कोपऱ्यावर बटन बंद झालं. "बाई, काल तं एक पुरा अनोळखी मंत्री येऊन गेलता. कळवू काय?" आम्ही सगळ्या पोट धरून हसलो. आमचं ते शेवटचं मोकळं हसणं होतं.

कारण त्याच आठवड्यात बाहेरगावचे पोलीस आले आणि नईमला उचलून घेऊन गेले. दुकानातलं सगळं पोत्यांत भरून नेलं. टीव्हीवर आर्णीचं नाव पहिल्यांदा झळकलं. एका टेबलावर जप्त केलेलं सामान मांडून ठेवलेलं : तारा, बॅटऱ्या, गजराची घड्याळं, एक 'पांढरी पूड' आणि मध्यभागी, लाल बाण काढून दाखवलेलं, 'स्फोटासाठी तयार केलेलं इलेक्ट्रॉनिक उपकरण'. नळाजवळच्या किराणा दुकानात टीव्ही होता, तिथे आम्ही सगळे उभे. फुलसिंगभाऊ पुढे वाकून बघत होते. एकदम म्हणाले, "अरे, हे तं माही मशीन हाये."

खरंच ते त्यांचं मशीन होतं, बाजारानंतर नईमकडे दुरुस्तीला टाकलेलं. त्याच्यावर तीन पक्षांच्या निशाण्यांचे स्टिकर टीव्हीवरही स्पष्ट दिसत होते. पांढरी पूड म्हणजे डागकामाला, तारा जोडायला लागणारा नवसागर. आमच्या गावात कल्हईवाल्यापासून मेकॅनिकपर्यंत कोणाकडेही तो सापडला असता. टीव्हीवरची मुलगी मात्र जोरात सांगत होती की देश थोडक्यात वाचला. किराणावाला म्हणाला, "पण काही तं असनच न, त्याशिवाय थोडी नेतीन?" फुलसिंगभाऊ त्याच्याकडे बघतच राहिले. ज्याच्या घरचा रेडिओ नईमनं दोनदा फुकट दुरुस्त करून दिला होता, तो हे बोलत होता.

फुलसिंगभाऊ त्याच दिवशी ठाण्यात गेले. मशीन माझं आहे, स्टिकर माझे आहेत, आतला कंडेन्सर कुठला जळाला होता तेही सांगतो, असं म्हणाले. तिथल्या ओळखीच्या जमादारानं त्यांना बाजूला घेऊन हलक्या आवाजात समजावलं, "भाऊ, घरी जा. मशीन तुमची म्हणसान तं मंग तुमाले बी त्या टेबलाच्या बाजूले उभं करतीन." फुलसिंगभाऊंनी मला हे सांगितलं तेव्हा ते हसत होते. "बाई, आज पह्यल्यांदा मी खरं बोलाले गेलतो. मले वाटलं ठाण्यात त्याची कदर राह्यते."

दोन दिवसांनी गावात स्फोटाच्या निषेधाचा मोर्चा ठरला. सगळे पक्ष एकत्र, हे आर्णीत कधी घडलं नव्हतं. अलाउन्सिंगला अर्थातच फुलसिंगभाऊ हवे होते. त्यांच्या दारात पुढाऱ्यांची पोरं उभी राहिली. फुलसिंगभाऊ म्हणाले, "येतो न बापा. पण माही मशीन जमा हाये. बॉम्ब म्हणून." पोरांनी दुसरं मशीन आणून देतो म्हटलं. "दुसऱ्या मशीनवर माहा आवाज नाई निघत," एवढंच म्हणून ते आत गेले. मोर्चा निघाला. दुसऱ्याच कोणाचा तरी चिरका आवाज ऐकू आला आणि नईमच्या बंद टपरीवर दगड पडले. त्या दिवसापासून फुलसिंगभाऊंचं काम आटत गेलं. आधी एका पक्षानं बोलावणं बंद केलं, मग बाकीच्यांनी. ते ऑटोतून शाळेच्या मुलांची ने-आण करायला लागले.

नईमची आई, तिला सारं गाव आपा म्हणायचं, रोज माझ्या खोलीच्या पायरीवर येऊन बसायची. मी शिकलेली, मला कायदा कळत असेल असं तिला वाटायचं. "बाई, मेरे बच्चे ने किसी का रेडियो भी नहीं बिगाड़ा," एवढं एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा सांगायची. मी तिला काय सांगणार? मी चहा करायची. फुलसिंगभाऊ ऑटो थांबवून तिला घरी सोडायचे. तांड्यावर आईला जे म्हणतात तेच, 'याडी', ते तिला म्हणायचे. "याडी, पोट्टा येईन. मशीन माही हाये, मी सांगन." तिला ते खरं वाटायचं, कारण तिचा दुसरा इलाजच नव्हता.

खटला वर्षानुवर्षं रेंगाळला. तारखांवर तारखा पडल्या. शेवटी फुलसिंगभाऊंची साक्ष झाली, त्या मोठ्या शहरात. धुतलेला सदरा घालून गेले, मतदानाला जात तसे. सरकारी वकिलानं त्यांना विचारलं, "तुम्ही पैसे घेऊन सगळ्या पक्षांसाठी बोलता. सकाळी एकाला निष्कलंक म्हणता, दुपारी दुसऱ्याला. मग इथे खरं बोलताय हे कशावरून?" कोर्टात हशा पिकला. फुलसिंगभाऊ म्हणाले, "साहेब, इथं भोंगा नाई न." न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं की नाही, देव जाणे. पण मशीन उघडलं, आत त्यांनी सांगितला तोच कंडेन्सर जळालेला निघाला आणि बाकीचं प्रकरणही हळूहळू ढासळलं. नईम निर्दोष सुटला.

नईमला नेलं तेव्हा बातमी पहिल्या पानावर होती, फोटोसकट. सुटल्याची बातमी आतल्या पानावर, बियाण्यांच्या जाहिरातीखाली, चार ओळींची. टीव्हीवर काहीच आलं नाही. फुलसिंगभाऊंनी तो पेपर माझ्यासमोर धरला. मी त्यांना इतकं संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं. "बदनामी भोंग्यावर केली आणि सुटका कानात सांगून राह्यले. असं कसं चालन जी? ज्या आवाजात गावानं ते आयकलं, त्याच आवाजात हे आयका लागन." मशीन कोर्टातून परत मिळालं होतं. नईमनं घरी आल्यावर पहिलं काम केलं ते त्या मशीनचा कंडेन्सर बदलायचं. सवय मोडलेली, डाग धड लागत नव्हता. माइकवरचं बटन तेवढं शाबूत होतं.

पण तेव्हा स्थानिक निवडणूक लागलेली आणि आचारसंहिता चालू होती. भोंगा लावायचा तर परवानगी हवी. फुलसिंगभाऊ कचेरीत गेले. बाबूनं विचारलं, "पक्ष कोणता?" "कोणताच नाई." "उमेदवार?" "उमेदवार नाई, नईम सुटला तेवढं सांगाचं हाये." बाबू वाईट माणूस नव्हता, त्याला मदतच करायची होती. पण पक्षाचा रकाना कोरा ठेवून परवाना देता येत नव्हता. त्यानं विचार करून त्या रकान्यात 'अपक्ष' असं लिहिलं आणि शिक्का मारला. नियमाप्रमाणे तो परवाना फुलसिंगभाऊंनी ऑटोच्या पुढच्या काचेवर चिकटवला. त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटलं नाही, मलाही नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळी भोंगा घुमला. किती काळानं तो आवाज ऐकला मी! "आर्णीकर बंधू-भगिनींनो, आपल्या बसस्टँडजवळचे मेकॅनिक नईम यांना न्यायालयाने निर्दोष सोडलेले आहे. त्यांच्यावरील सर्व आरोप खोटे ठरलेले आहेत. नईम हे निष्कलंक आहेत. उद्यापासून त्यांचे दुकान आपल्या सेवेत पुन्हा सुरू होत आहे." मोहल्ल्याकडून हिंदीत, मग गोरबोलीत, मग पुन्हा मराठीत. ऑटो नळाच्या कोपऱ्यावर आला. मी खिडकीत उभी होते. भोंगा थांबला नाही. अंगठा बटनापासून दूर होता. त्यांनी डोकं बाहेर काढलं, माझ्याकडे बघितलं आणि माइकवरूनच, साऱ्या गावाला ऐकू जाईल असं, म्हणाले, "बाई, आज बटन बंद कराचं कामच नाई. आज मशीन बी तेच बोलून राह्यली अन् मी बी तेच!" मी खिडकीतून हात वर केला.

तेवढ्यात नळावरच्या एकीनं विचारलं, "भाऊ, नईमले निशाणी कोणती भेटली जी?"

त्यांना वाटलं ती चेष्टा करतेय. ते हसून पुढे गेले. पण पुढच्या चौकात चहावाल्यानं तेच विचारलं, बाजारात तेच, कापसाच्या जिनिंगच्या फाटकाशी तेच. निवडणुकीचे दिवस, फुलसिंगभाऊंचा आवाज, 'निष्कलंक', 'निर्दोष', 'आपल्या सेवेत', आणि काचेवर शिक्क्यासकट 'अपक्ष'. संध्याकाळपर्यंत साऱ्या आर्णीला पक्कं कळलं होतं की नईम उभा राहिला आहे. निर्दोष सुटला हे कोणी खोटं म्हणालं नाही. त्यावर कोणी विचारच केला नाही. उमेदवार म्हटला की तो निर्दोष असायचाच, फुलसिंगभाऊ सगळ्यांनाच तसं म्हणत आले होते. कोणी म्हणालं, मतं फोडायला उभा केला असेल. कोणी म्हणालं, म्हणूनच सोडला असेल, वरून सेटिंग असेल. किराणावाला मला डोळा बारीक करून म्हणाला, "मी म्हनलो नव्हतो बाई, काही तं असनच?"

दुसऱ्या दिवशी फुलसिंगभाऊ पुन्हा निघाले, नईम निवडणुकीला उभा नाही असं सांगायला. लोक म्हणाले, माघार घेतली वाटते, काय भेटलं असन? तिसऱ्या दिवशी एका उमेदवाराची माणसं नईमच्या घरी गेली, अर्ज मागे घे म्हणून. नईमनं त्यांची जीप पाहिली आणि तो मागच्या दारानं तुरीच्या वावरात पळाला. त्याला वाटलं, पुन्हा आले न्यायला. दिवसभर तो तिथेच बसून राहिला. आपा त्याला शोधत माझ्याकडे आली तेव्हा तिच्या तोंडून तिचं ते नेहमीचं वाक्यसुद्धा निघत नव्हतं.

त्याला फुलसिंगभाऊंनीच शोधून आणलं. मी तिथे होते. नईम ऑटोतून उतरला, कपड्यांना माती लागलेली. तो शांतपणे म्हणाला, "चाचा, भोंगा बंद करो. अंदर था तो मालूम था कौन शक करता है. वर्दीवाला. यहाँ तो हर कोई हँस के पूछता है, निशाणी क्या मिली." फुलसिंगभाऊ म्हणाले, "मी अजून एक डाव सांगतो बेटा, बरोबर सांगतो." तेव्हा नईमनं त्यांचा हात धरला. "तुम बोलोगे तो कोई नहीं मानेगा चाचा. तुम्हारी गलती नहीं है. आदत है लोगों की." तो रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. त्याच्या आवाजात दया होती, आणि फुलसिंगभाऊंना तीच सहन झाली नाही.

दुकान उघडलंच नाही. घरीही एकानं रेडिओ, टेप, पंखा, काही म्हणता काही आणून दिलं नाही. उमेदवाराला कोण दुरुस्तीला देतो? आणि उमेदवार नसेल, तर मग तो टीव्हीवरचाच माणूस. महिना सरायच्या आत माय-लेक आर्णी सोडून गेले, लांब कुठल्या नातेवाइकांकडे. मतदान झालं. दुसऱ्या दिवशी फुलसिंगभाऊ मुलांना घेऊन शाळेच्या फाटकाशी आले. मी सवयीनं त्यांचं बोट बघितलं. शाई नव्हती. ते म्हणाले, "मी लोकाहीले इतकं शिकवलं बाई, का माहा भरोसा ठेवू नका. बटन बंद करू करू शिकवलं. शिकले न बरोबर." मी म्हटलं, "असं नका म्हणू भाऊ." मला खरं तर म्हणायचं होतं की दोष तुमचा नाही, त्या टेबलावर तुमचं मशीन मांडणाऱ्यांचा आहे. पण दोष तुमचा नाही हे नईमनं आधीच सांगून पाहिलं होतं, आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता.

त्यानंतर ते फार बोलत नसत. नळाच्या कोपऱ्यावर ऑटो सावकाश करायचे, हात वर करायचे आणि जायचे. दोन उन्हाळे असे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात ताप आला आणि ते गेले. आर्णीत कोणी गेलं की अंत्ययात्रेची वेळ त्यांच्या आवाजात कळायची. त्यांची वेळ कोणी सांगितलीच नाही, म्हणून माणसं थोडी आली. तांड्यावर त्यांना पोचवून परत येताना मी बसस्टँडवर उतरले. नईमच्या टपरीच्या जागी पाण्याचे पाऊच विकणाऱ्याचं दुकान झालं होतं.

मला वाटलं होतं की आता तो आवाज संपला. पण पुढच्या निवडणुकीत, दुपारी मी पेपर तपासत बसलेली असताना गल्लीच्या टोकाला फुलसिंगभाऊ बोलायला लागले. मी पेपर बाजूला सारला. "आपल्या हक्काचा माणूस, सुशील, निष्कलंक, निर्दोष चारित्र्याचा..." त्यांच्या उमेदीच्या काळात कोणीतरी त्यांच्या आवाजाची कॅसेट भरून ठेवली होती, नावाची जागा मोकळी सोडून. त्या जागी आता कोणा पोराचा पातळ आवाज उमेदवाराचं नाव घेत होता, आणि पुढे पुन्हा फुलसिंगभाऊ, "...यांनाच प्रचंड बहुमताने विजयी करा!" नईमचं जे सांगितलं होतं, ते त्यांनी ऑटोत बसून तोंडानं सांगितलं होतं. ते कुठल्याच कॅसेटवर नाही.

मी खिडकीशी गेले. खाली नळावर बाया होत्या. जुन्या होत्या त्यांनीही हंडे खाली ठेवून वर पाहिलं. नवा ऑटो कोपऱ्यावर आला, आणि खोटं कशाला बोलू, मी वाट बघत होते. भोंगा थांबेल, डोकं बाहेर येईल आणि ते काहीतरी बोलतील. ऑटो न थांबता वळला. भोंगा चालूच होता.